शून्याचा रकाना

परळ, मुंबई

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा रात्री वाचली आणि दोन दिवस तीच डोक्यात घोळते आहे. आधी नव्या नोकरीबद्दल अभिनंदन. लोअर परळच्या त्या काचेच्या इमारतीत, सतराव्या मजल्यावर, कंपनीच्या वार्षिक अहवालातलं मानवी हक्कांचं पान तुझ्याकडे आलं, आणि पहिल्याच आठवड्यात तू एका तक्त्यापाशी अडलीस. लैंगिक छळाच्या तक्रारी शून्य. भेदभावाच्या शून्य. बालमजुरी, वेठबिगारी, वेतन, सगळीकडे शून्य. मागच्या वर्षी शून्य, त्याच्या आधीच्या वर्षीही शून्य. साहेबांनी सांगितलं, ‘तेच कॉपी कर.’ आणि तू मला विचारलंस, ‘ताई, हे खोटं आहे का?’

खोटं नसेल. तक्रार खरंच आली नसेल. पण तक्रार नाही म्हणजे दुखणं नाही, असं धरून त्या पानावर सही होते, तेव्हा मला राग येतो. तीस वर्षं मी युनियनच्या ऑफिसात बसले, त्यातला कितीतरी काळ कामगार न्यायालयाच्या बाकांवर गेला. या शहरात ज्याला सगळ्यात जास्त सोसावं लागतं, त्याने तक्रार कुणाकडे करायची हेच ठरलेलं नसतं. ज्याच्याकडे तो जातो तो म्हणतो, ‘तू आमचा माणूस नाहीस.’ हे वाक्य ओळखायला शीक. तुझ्या इमारतीत ते रोज कुठे ना कुठे बोललं जात असणार.

एक गोष्ट सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला एका ऑफिसच्या इमारतीच्या गेटवर एक गार्ड असायचे. पन्नाशी उलटलेली, साताऱ्याकडचे. येताजाता बोलणं व्हायचं. एका पावसाळी संध्याकाळी त्यांनी मला मोबाइल दाखवला. पीएफचं पासबुक उघडलेलं होतं आणि शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. त्यांना वाटत होतं मोबाइलच बिघडलाय. मुलाने नवा घेऊन दिला होता, म्हणून ते मुलावर चिडायचेही. खिशातून त्यांनी पगाराच्या स्लिपा काढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या. प्रत्येक स्लिपवर पीएफ १,८०० रुपये कापलेला. पगारातून पैसे जात होते, खात्यात पोचत नव्हते.

मी विचारलं, सुपरवायझरला सांगितलंत का? सांगितलं होतं. तो म्हणाला, हेड ऑफिसला विचारा. हेड ऑफिस म्हणालं, जुनी एजन्सी गेली, आम्ही नवे आहोत. इमारतीचा मॅनेजर म्हणाला, तुम्ही एजन्सीचे. वरच्या मजल्यावरच्या कंपन्या म्हणाल्या, सिक्युरिटी इमारत बघते, आम्ही भाडेकरू. अकरा वर्षं तो माणूस त्याच गेटवर उभा होता. तीनदा ठेका बदलला, तीनदा नवं आयकार्ड आलं, तीनदा युनिफॉर्मचे पैसे पगारातून कापले गेले. गेट तेच आणि माणूस तोच, मालक मात्र कागदावर चौथा.

आम्ही वांद्र्याच्या पीएफ ऑफिसात तक्रार केली. दीड वर्षाने पैसे जमा झाले. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांची ड्यूटी भिवंडीच्या एका गोदामावर लागली होती. घर परळला, ड्यूटी भिवंडीला, बारा तासांची. तीन महिन्यांत त्यांनी काम सोडलं. बदलीच्या कागदावर कारण लिहिलेलं नव्हतं. त्या गेटवरच्या बाकीच्या पाच गार्डांना मात्र कारण कळलं. त्यानंतर तिथून एकही तक्रार आली नाही. तुझ्या रकान्यातलं शून्य कसं तयार होतं ते हे.

आता हिशेब. तो तुला आलाच पाहिजे, कारण माणसाला वेळेवर पूर्ण पगार मिळेल की नाही हे तुमच्या परचेस खात्यात टेंडर उघडतानाच ठरून जातं. समज, एका गार्डचं किमान वेतन महिन्याला १५,००० रुपये आहे. (आकडा हिशेबापुरता घेतलाय, खरा दर सरकारच्या ताज्या आदेशातून काढ.) त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८००. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, ३.२५ टक्के, साधारण ४८८. बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, १,२५०. झाले साडेअठरा हजारांच्या वर. यात अजून रजा नाही, आठवड्याच्या सुट्टीला येणारा रिलिव्हर नाही, युनिफॉर्म नाही, एजन्सीला चार पैसे सुटायचे तेही नाहीत. आणि तुमच्या कंपनीने ‘सर्वांत कमी दर’ म्हणून १७,००० चं टेंडर पास केलं असेल, तर उरलेले दीड हजार आणि एजन्सीचा नफा कुठून येणार? गार्डच्या खिशातूनच.

बारा तासांची ड्यूटी असेल तर आणखी कठीण. ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. आठ तासांचं ठरलेलं काम आणि वर चार तास दुपटीने, म्हणजे बारा तास उभं राहणाऱ्याला सोळा तासांचा पगार. मुंबईतल्या किती गेटांवर तो मिळतो ते तूच विचारून बघ. मला भेटलेल्या गार्डांपैकी फार थोड्यांना हे माहीत तरी होतं.

१९८२ साली एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारीच आहे. माणसाला साखळीने बांधलं नसलं तरी पोटाची गरज त्याला बांधून ठेवते, असा त्या निकालाचा रोख होता. तुझ्या तक्त्यात ‘वेठबिगारी’ असा रकाना आहे ना? तो वाचताना वीटभट्टी डोळ्यांपुढे येते. यापुढे तुमच्याच इमारतीचं गेट आण.

‘एजन्सीचा माणूस आहे, आम्ही काय करणार’ याला कायद्यात उत्तर आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच म्हटलं होतं की ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो प्रिन्सिपल एम्प्लॉयरने, म्हणजे ज्याच्याकडे काम चालतं त्याने, द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही हे तत्त्व तसंच आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघ. त्यात ‘कर्मचारी’ म्हणजे ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा. तेव्हा अशा तक्रारी ऐकणाऱ्या तुमच्या अंतर्गत समितीची नावं कुठे लावलीत ते जाऊन पाहा. सतराव्या मजल्यावर इंग्रजीत लावली असतील तर हाउसकीपिंगच्या बायका तळघरात जिथे कपडे बदलतात, त्या भिंतीवरही मराठीत आणि हिंदीत लावून घे. पहिल्या महिन्यात एवढं एक काम झालं तरी मला आनंद होईल.

‘आमचा माणूस नाही’ हे वाक्य शेवटी कुठवर जातं, तेही सांगायला हवं. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका हाउसिंग सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये उतरलेले तीन मजूर गुदमरून गेले. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवण्यावर २०१३ च्याच दुसऱ्या एका कायद्याने, हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या, बंदी आहे. त्यांच्या बायकांना नुकसानभरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख देण्याचा आदेश दिला. ती रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच ठरवून दिली होती. २०२३ मध्ये ती तीस लाख झाली. तुमच्या कंपनीच्या टाक्या, गटारं, चेंबर कोण साफ करतं? मशीनने की माणसाने? ही ऑर्डर कोण काढतं, त्या माणसाचं नाव शोधून काढ.

तू ज्या जमिनीवर बसून हा अहवाल लिहितेस, ती गिरणगावाची आहे. म्हणून जुनं थोडं सांगते. गिरण्यांमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार चांगला असायचा, पण दलित कामगारांना तिथे घेत नसत. विणताना धागा इकडून तिकडे नेणारा तो धोटा; त्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. त्यामुळे त्यांनी कमी पगाराच्या खात्यातच राहायचं. मालकाने हे चालू दिलं, आणि सांगायला दुःख होतं, कामगारांनीही चालू दिलं. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे राज्यघटनेत कलम १५ (२) आलं, ते थेट दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांची नावं घेऊन सांगतं की धर्म, जात, लिंग यावरून कुणाला अडवायचं नाही. सरकारच नव्हे, दुकानदारही त्याने बांधलेला आहे. हक्कांची भाषा बाहेरून आली असं तुझ्या ऑफिसात कुणी म्हणालं तर त्यांना हा धोटा आठवून दे. आणि आज तुमच्या टॉवरमध्ये सामान पोचवणाऱ्या मुलांना, झाडूवाल्या मावशींना वेगळी लिफ्ट असेल, तर तो विषयही अहवालाचाच आहे.

बाहेरून काय आलं तेही माहीत असू दे. जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने उद्योग आणि मानवी हक्कांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. जॉन रगी या प्राध्यापकांनी बऱ्याच वर्षांच्या चर्चेनंतर ती तयार केली होती. एकूण ३१ तत्त्वं आहेत. सरकारने माणसाचं रक्षण करायचं, धंद्याने त्याच्या हक्कांचा मान ठेवायचा आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दाद मिळायची, असा त्यांचा गाभा. आपल्याकडे २०१९ मध्ये जबाबदार उद्योगाची नऊ तत्त्वं आली, त्यातलं पाचवं मानवी हक्कांचं. त्यावरूनच शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना हा अहवाल सक्तीचा केला. तुझ्या तक्त्याचा जन्म तिथला. त्यात कायम आणि कायम नसलेले असे दोन्ही कामगार विचारलेले असतात. दुसऱ्या ओळीतला आकडा कुणी कसा भरला ते बघ, मला शंका आहे.

या सगळ्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती दाद. तिच्यासाठी एका मुलीबद्दल लिहिते. दादरला एका कपड्याच्या दुकानात सेल्सगर्ल आहे, चोविशीची. डोंबिवलीहून येते. सकाळी दहाला उभी राहते ती रात्री नऊपर्यंत. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, बसलेली मुलगी शेठला आळशी दिसते. दुकानात बायकांना संडास नाही. स्टेशनवर जायचं तर वीस मिनिटं जातात आणि दोनदा गेलं की सुपरवायझर बोलतो. म्हणून ती पाणीच पीत नाही. घरून भरलेली बाटली संध्याकाळी तशीच परत नेते, आईने बघू नये म्हणून गाडीत बसल्यावर ओतून टाकते. वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग झाला, एकदा ताप चढून चार दिवस खाडा पडला आणि चार दिवसांचा पगार गेला. डॉक्टर म्हणाले, ‘भरपूर पाणी प्या.’

केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. बसण्यासाठी कायदा लागावा, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दुकानात आम्ही बोललो तेव्हा मालक वाईट माणूस नव्हता. त्याने खरंच कधी विचार केला नव्हता. तीन घडीची स्टुलं आली. शेजारच्या दुकानाशी बोलून त्यांच्या संडासाची किल्ली मुलींना मिळाली. खर्च किती झाला असेल? एका साडीएवढाही नाही. पण ती मुलगी पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मानवी हक्क हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. ती म्हणाली, ‘ताई, पाय सुजतात.’ तुझ्या तक्त्यात पाय सुजण्याला रकाना नाही. तरी तू तो ऐकून योग्य ओळीत बसवायला शिकायचं आहे.

दाद देण्याची व्यवस्था उभी करता येते, आणि ती आपल्याच माणसांनी केली आहे. मस्जिद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा हमाल कुणाचाच नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याचा, दुपारी दुसऱ्याचा. अण्णासाहेब पाटलांनी या माथाडींना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे जादा टक्केवारी, या कायद्याखाली नेमलेल्या मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, पीएफ, बोनस द्यायचा. मालक दहा असोत की शंभर, हमालाला जायला एक दार मिळालं. १९८१ मध्ये तशाच धर्तीवर खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. त्या मंडळांत पुढे काय काय गोष्टी शिरल्या तेही मी पाहिलं आहे, पण मूळ विचार मला आजही पटतो. आणि महापालिकेचे कचरा उचलणारे ठेक्यावरचे कामगार? त्यांना कागदावर ‘स्वयंसेवक’ म्हणत, म्हणजे कामगारसुद्धा नाहीत. ते लढत राहिले, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० जणांना कायम करण्याचा निकाल कायम ठेवला. ‘आमचे नाहीत’ म्हणणाऱ्यांना शेवटी ‘आमचे आहेत’ लिहून द्यावं लागलं.

गेटाच्या बाहेरचेही लोक आहेत, त्यांच्याबद्दल आज फार लिहीत नाही. चेंबूरजवळच्या माहुलच्या लोकांचा श्वास हा शेजारच्या रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांशी बांधलेला आहे; २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेचा लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. तरी नंतर तानसा पाइपलाइनलगतची कुटुंबं तिथेच नेऊन बसवली, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला त्यांना महिना १५,००० रुपये भाडं द्या असं सरकारला सांगावं लागलं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत असायला हव्यात. ओपीडीच्या रांगेत हे किती जणांना ठाऊक असतं? तुमची कंपनी अशा रुग्णालयाशी कर्मचाऱ्यांसाठी करार करत असेल, तर त्या खाटांबद्दल एक प्रश्न विचारता येईल. एवढंच सध्या.

तुझ्या साहेबांशी भांडू नकोस. पहिल्या वर्षी भांडलीस तर तुझीही बदली होईल आणि ते पान दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊन तसंच छापून येईल. त्याऐवजी एक दिवस सकाळी साडेसहाला ऑफिसला जा. शिफ्ट बदलते तेव्हा गेटवर आणि तळघरात उभी राहा. आयकार्डाच्या दोऱ्यांचे रंग बघ. बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या लोकांची दोरी एका रंगाची असते आणि ठेक्याच्या लोकांची दुसऱ्या. त्या दुसऱ्या रंगाच्या माणसांशी बोल. लगेच प्रश्नावली काढू नकोस, कागद दिसला की माणूस गप्प होतो. चहा पी. गाव विचार. मग पगार कितीला होतो, कुठल्या तारखेला होतो, पीएफचा मेसेज येतो का, सुट्टी कधी असते, संडास कुठला वापरता, एवढं बोलण्यात येऊ दे. नावं टिपू नकोस, कुणी मागितली तरी देऊ नकोस. कंपनीचे कागद बाहेर आणू नकोस, मलाही दाखवू नकोस. आतच बसून टेंडरचा दर आणि किमान वेतनाचा दर शेजारी शेजारी मांड आणि तो एक कागद साहेबांपुढे ठेव. आकड्यापुढे पुष्कळ साहेब विचार करतात, हे मी पाहिलं आहे. प्रिन्सिपल एम्प्लॉयर म्हणून उद्या पैसे आपल्यालाच भरावे लागतील, हे त्यात एका ओळीत लिही.

आणि तो तक्ता. शून्य खरं असेल तर शून्यच लिही. पण त्याच्या खाली जागा असते. तिथे लिही की ठेक्याच्या किती कामगारांना तक्रार कुठे करायची हे माहीत आहे, आणि ते आपण कसं शोधलं. हे लिहू दिलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा मांड. पुढे कधी त्या रकान्यात सात किंवा अकरा असा आकडा आला आणि वरच्या मजल्यावर घबराट झाली, तर घाबरू नकोस, मला फोन कर. तो दिवस मला बघायचा आहे.

दादरची ती मुलगी तुझ्याशी बोलायला तयार आहे, ‘नाव लिहू नका’ एवढंच म्हणाली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती १० जून १८९० पासून, पण दादरच्या बाजाराला सोमवारी सुट्टी असते, रविवारी तर तिच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा तुझ्या रविवारचा तिला उपयोग नाही. एखाद्या सोमवारची रजा टाक आणि अकरा वाजता दोघी माझ्याकडे या. मी पोहे करते. तिला आधी भरपूर पाणी देऊ, मग बोलू.

तुझी,
ताई